डेकखालची डिझेल टाकी गळतेय: वेल्डरला बोलावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्यातली ३२ फुटी फायबरची बोट, इनबोर्ड डिझेल इंजिन, इंजिनाच्या पुढच्या कप्प्यात डेकखाली बसवलेली २०० लिटरची लोखंडी टाकी. टाकी बसवल्यावर वरचा डेक फायबर मारून कायमचा बंद केलेला, त्यामुळे इंजिनाच्या बाजूने टाकीची फक्त एक कड आणि पाइपांची तोंडं दिसतात. काही आठवड्यांपासून बुडातल्या पाण्यावर डिझेलचा तवंग येतोय, वास सुटलाय, आणि टाकी भरली त्या दिवशी तवंग जास्त असतो. एक वेल्डर टाकीत पाणी भरून जागेवरच पॅच मारून द्यायला तयार आहे. दुसरा म्हणतो, मोटारसायकलच्या टाकीत ओततात तसलं सीलर ओता. नाखव्यांचा खरा सवाल आहे: डेक कापायला लागेल का?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. डेक बहुतेक कापावा लागेल, पण आज नाही. टाकी बोटीत असताना तिच्यावर वेल्डिंग करू देऊ नका, कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. सीलर विसरून जा. आणि टाकीलाच भोक आहे हे अजून ठरलेलं नाही. "भरलेल्या दिवशी जास्त" हे तुमचं वाक्य मला टाकीपेक्षा भरायच्या पाइपाकडे जास्त नेतं.

त्याआधी एक काम लगेच करा. बिल्ज पंपाला (बुडातलं पाणी बाहेर फेकणारा) पाणी चढलं की आपोआप चालू करणारा फ्लोट स्विच असेल तर तो बंद करून पंप हाताने चालवायला घ्या. नाहीतर रात्रभर बुडात साठलेलं डिझेल पहाटे तो पंप गुपचूप खाडीत सोडतो, आणि तुम्हाला वाटतं गळती थांबली. ठाणे खाडीचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलाय. पण कायद्याचं सोडा. त्या चिखलात डिझेल बसलं की भरतीने निघत नाही, आणि निवट्या, खेकडे, कोलंबी तिथलीच. बुडातलं पाणी-डिझेल बादलीने कॅनमध्ये काढा. कॅन एक दिवस स्थिर ठेवला की पाणी खाली बसतं, डिझेल वर येतं. वरचं डिझेल इंजिनात परत घालू नका. ते आणि डिझेलमध्ये भिजलेली फडकी, भुसा, सगळं वापरलेलं ऑइल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्या.

आता गळती कुठून ते शोधायचं. याच्यात घाई करणाऱ्यांचे पैसे जातात.

बूड डिटर्जंटने धुऊन, पुसून कोरडं करा. मग प्रत्येक जोडाखाली जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा: भरायच्या पाइपाखाली, ब्रीदरच्या (टाकीत हवा ये-जा करणाऱ्या) पाइपाखाली, सप्लायच्या कॉकखाली, इंजिनातून उरलेलं डिझेल परत आणणाऱ्या रिटर्न लाइनखाली, पातळी दाखवणाऱ्या गेजच्या युनिटखाली, फिल्टरखाली. डिझेलचा डाग कागदावर तेलकट, आरपार दिसणारा पडतो आणि वाळत नाही. पाण्याचा डाग वाळतो. फक्त इंजिन चालू असताना ओलं होतंय का? मग रिटर्न लाइन, फीड पंप किंवा इंजेक्टरचे पाइप बघा, टाकी निर्दोष आहे. फक्त टाकी भरल्यावर किंवा लाटेवर हेलकावे खाताना होतंय का? मग भरायचा पाइप, ब्रीदर किंवा गेजच्या युनिटचं पॅकिंग. गेजचं युनिट पाच-सहा स्क्रूंवर बसलेलं असतं, खालचं पॅकिंग वर्षांनी सुकून कडक होतं, आणि टाकी काठोकाठ भरली की तिथून डिझेल टाकीच्या पाठीवर येऊन मागच्या कडेने खाली उतरतं. खाली बघणाऱ्याला वाटतं बूड फुटलं. पन्नास रुपयांचं पॅकिंग असतं ते.

भरायच्या पाइपाची खालची बाजू हाताने चाचपा, डोळ्यांनी नाही. वरून तो चांगला दिसतो. जुबली क्लिपच्या शेजारी, खालच्या अंगाला, जिथे पाइप वाकतो तिथे बोट फिरवा. रबराला बारीक आडव्या चिरा लागतील, आणि बोटाला डिझेलचा वास येईल. तसं असेल तर पाइप बदला आणि हे उत्तर इथेच वाचायचं थांबवलंत तरी चालेल.

हे सगळं कोरडं निघालं आणि इंजिन बंद असतानाही बूड ओलं होत राहिलं, तर टाकीवर संशय घ्यायचा. पक्कं करायला सोपा उपाय आहे. टाकी बाजूला ठेवून इंजिन ४०-५० लिटरच्या चांगल्या कॅनवर चालवा. कॅन पट्ट्याने घट्ट बांधा, सप्लाय आणि रिटर्न दोन्ही त्याच कॅनमध्ये घ्या. रिटर्न जुन्या टाकीतच राहिला तर कॅन रिकामा होतो आणि गळकी टाकी भरत जाते. जुन्या टाकीतलं डिझेल बॅरलमध्ये काढून घ्या. आता तवंग थांबला तर दोष टाकीत. शिवाय धंदा बंद न पडता तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो.

डिपस्टिकने गळती मोजणारे एक विसरतात. दिवाळे, सारसोळे, करावे, कुठेही ओहोटीला बोट चिखलात बसते आणि एका अंगावर कलते. कललेल्या टाकीत काठी खोटं बोलते. माप घ्यायचं तर दोन्ही वेळा बोट तरंगत असताना, माणसं आणि सामान तेवढंच असताना घ्या. असं माप नीट घेतलं तर फार उपयोगी गोष्ट कळते: पातळी उतरत उतरत एका उंचीला थांबली, तर भोक त्या उंचीला आहे. थांबलीच नाही, तर ते तळाला आहे. आणि सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला दोनेक लिटर, हे हिशोबाला लक्षात ठेवा. "थोडंसं झिरपतंय" असं म्हणणाऱ्यांनी हा हिशोब केलेला नसतो.

हवेचा दाब देऊन तपासायचं असेल तर कॉम्प्रेसर जवळही आणू नका. ९० बाय ६० सेंटिमीटरच्या सपाट तळावर ३ पीएसआय (चौरस इंचाला तीन पौंड) दाब म्हणजे एकूण जवळजवळ ११०० किलो भार. सायकलच्या टायरला ज्याच्या दहापट हवा लागते, तेवढ्या किरकोळ दाबात टाकीचं पोट फुगतं आणि कुजकी शिवण उकलते. मी गवंड्यांचा लेव्हल पाइप वापरतो. पारदर्शक पाइप इंग्रजी यूच्या आकारात एका फळीवर बांधायचा, अर्धा पाण्याने भरायचा, एक टोक टाकीच्या सप्लायच्या तोंडाला, दुसरं उघडं. टाकी रिकामी करून बाकीची तोंडं रबरी बुचांनी बंद करायची आणि एका बुचातून फुटबॉलच्या हातपंपाने सावकाश हवा द्यायची. दोन्ही बाजूंच्या पाण्यात ७० सेंटिमीटर फरक म्हणजे १ पीएसआय. जुन्या टाकीला ५० सेंटिमीटरवर थांबा. वरच्या सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावा. फुगे कुठेच नाहीत आणि तरी पाणी खाली येतंय, म्हणजे भोक तुम्हाला दिसत नाही अशा जागी आहे, टाकीच्या खाली किंवा मागे. हे काम सकाळी लवकर किंवा सावलीत करा. बंद टाकीतली हवा एका अंशाने तापली-निवली तरी पाण्यात तीनेक सेंटिमीटरचा फरक पडतो. डेकवर ऊन आलं की गळकी टाकीसुद्धा धड असल्याचं दाखवते.

(हे सगळं डिझेलपुरतं. पेट्रोलच्या टाकीबद्दल खाली वेगळं लिहिलंय, तिथे यातलं काही करायचं नाही.)

आता त्या वेल्डरबद्दल. त्याची नियत वाईट नसेल, पण "डिझेल पेट घेत नाही" हे त्याचं गृहीतक चूक आहे. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, प्रमाणकानुसार किमान ३५ अंश. मे महिन्यात बंद डेकखाली टाकी तेवढी तापायला वेल्डिंग लागतच नाही. वरून आर्कची उष्णता पोचली की शिवणीत, गंजाच्या पापुद्र्याखाली, आतल्या बॅफलच्या (डिझेल हिंदकळू नये म्हणून घातलेल्या पडद्याच्या) कोपऱ्यात चिकटलेलं डिझेल वाफ होऊन बाहेर येतं. धुतलेली, वास न येणारी टाकीसुद्धा अशीच फुटते. पाणी भरून वेल्डिंग करायची पद्धत खरी आहे, पण ती सुट्या टाकीसाठी, जी हवी तशी फिरवून वेल्डिंगची जागा वर आणता येते आणि हवेचा कप्पा बारीकसा, उघडा ठेवता येतो. तुमची टाकी जागची हलत नाही, बॅफलच्या वर हवा अडकून राहणार, आणि भोक तळाला असेल तर पाणी त्याच भोकातून गळत असताना तो तिथे वेल्डिंग कसं धरणार? तळापर्यंत त्याचा हात तरी जातो का, हे त्याला विचारा. शिवाय चारी बाजूंना डिझेल प्यायलेलं फायबर. ते एकदा पेटलं की बोट वाचत नाही.

सीलरचं म्हणाल, तर ते मोटारसायकलच्या टाकीत चालतं कारण ती टाकी सोडवून, आतून गंज काढून, कोरडी करून, हातात धरून सगळीकडे फिरवता येते. डिझेलने माखलेल्या पत्र्यावर कुठलंच सीलर धरत नाही. काही महिन्यांनी त्याचे पापुद्रे सुटून सप्लायच्या पाइपात येतात आणि भर खाडीत इंजिन बंद पडतं. एपॉक्सी पुटी, एम-सील, साबणाची वडी घासणं, हे घरी पोचायचे उपाय. साबणाची युक्ती ट्रकवाल्यांची आहे आणि डिझेलमध्ये खरोखर चालते, कारण डिझेलमध्ये साबण विरघळत नाही. पण बुडात पाणी असतं, आणि पाण्यात तो विरघळतो. आजची रात्र निघेल.

समजा, दोष टाकीतच निघाला. मग ती बाहेर काढायचीच, आणि काढल्यावर पहिलं काम तिला पालथी करून बघायचं. या टाक्या आतून कमी आणि खालून जास्त कुजतात. बसवताना टाकी घासू नये, वाजू नये म्हणून खाली काहीतरी मऊ घालतात: गोणपाट, टायरचा तुकडा, कार्पेट, जुनं जाळं. एका टाकीच्या तळाला मी जाळ्याचा अख्खा ठसा पाहिलाय, चौकटीसकट. जिथे जिथे गाठ पत्र्याला टेकली होती तिथे तिथे एक खड्डा, आणि अशा दोन-तीन खड्ड्यांत सुई आरपार जात होती. चौकटींच्या मधला पत्रा, जिथे हवा लागत होती, तो रंगासकट शाबूत. खारं पाणी मऊ वस्तूत भिजून राहतं, वाळत नाही, आणि पत्र्याला चोवीस तास खात राहतं. फोम ओतून बसवलेल्या टाकीचं तर आणखी वाईट, कारण तिथे कूज दिसायलाही जागा नाही. म्हणून नुसता पॅच मारून किंवा नुसती नवी टाकी बनवून तीच जुनी गादी खाली घातली, तर काही वर्षांनी नवी टाकीही तिथेच गळणार.

आतूनही कूज असते, पण तिचं ठिकाण ठरलेलं: तळाचा सगळ्यात खोल कोपरा, जिथे पाणी साठतं. पाणी येतं भरायच्या झाकणाच्या झिजलेल्या ओ-रिंगमधून, ब्रीदरमधून आणि थोडं अर्धवट टाकीत धरणाऱ्या दमटपणातून. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी-जिवाणू वाढतात आणि त्यांचं आम्ल पत्रा खातं. टाकी उघडल्यावर काळा चिकट शेंबडासारखा थर दिसला तर तो हाच. फिल्टर वारंवार चोंदत असेल तर आधीपासूनच ही खूण होती.

बोट वर घ्यायची वेळ साधा. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या उधाणाला भरतीवर बोट जितकी वर चढेल तितकी चढवा. पुढे भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, दिवस लागले की पाणी तिथवर येत नाही आणि तुम्हाला कोरडे दिवस मिळतात. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत बोट शाकारलेली असतेच, पण पावसात फायबरचं काम नीट धरत नाही. ओल्या हवेत मारलेलं फायबर चिकट राहतं. मला विचाराल तर डेक कापणं आणि टाकी काढणं एप्रिल-मे मधल्या भांगात उरका, आणि तोपर्यंत कॅनवर चालवा.

डेक कापताना कापलेला तुकडाच पुढे झाकण होणार, हे डोक्यात ठेवून रेघ आखा. आधी खालून बघून आडवे बीम कुठे आहेत ते खडूने वर उतरवा आणि रेघ त्यांच्या मधून न्या. चारी कोपऱ्यांना होल सॉने गोल भोकं पाडा. काटकोनात कापलेल्या कोपऱ्यातून पुढे चीर धावते. पात्याची खोली डेकच्या जाडीपेक्षा किंचितच जास्त ठेवा, टाकी बहुधा बोटभर खाली असते. टाकी आधी रिकामी केलेली, बूड पुसलेलं, दोन्ही बाजूंनी हवा खेळती, आणि जवळ ड्राय पावडरचा अग्निशामक. फायबरची धूळ फुफ्फुसात जाऊन बसते, नाकाला रुमाल बांधून भागत नाही, मास्क आणा. नंतर आतल्या बाजूने कडेला दीड-दोन इंचाची पट्टी फायबरने उभी करायची, तिच्यावर रबरी पॅकिंग आणि झाकण स्क्रूने. डेक परत कायमचा बंद करू नका. ज्या कारागिराने पहिल्यांदा बंद केला त्याने दिसायला छान काम केलं, पण त्याची किंमत तुम्ही आज मोजताय. फायबरचं काम तुम्ही स्वतः करणार असाल तर एक सावधगिरी: रेझिन घट्ट व्हायला घालतात ते कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधी मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर.

रिकामी टाकी साठेक किलोची असते, ३ मिलिमीटर पत्र्याच्या हिशोबाने. दोघांनी निघते. डेकमधून निघणारच नसेल, मध्ये इंजिनाचा पाया किंवा मोठा बीम आडवा असेल, तर बोटीत ग्राइंडरने तिचे तुकडे करू नका. जुनी टाकी धुऊन, कोरडी करून, तोंडं उघडी ठेवून तशीच सोडून द्यायची आणि इंजिनाच्या दोन्ही अंगांना दोन लहान टाक्या बसवायच्या, हा उपाय मला नेहमी बरा वाटतो. एका टाकीत घाण किंवा पाणी गेलं तरी दुसरीवर घरी येता येतं.

पॅच की नवी? तळ खरवडून छोट्या हातोडीने ठोका. चांगला पत्रा टणकन वाजतो, कुजका बद्द. जाडी मोजायचं अल्ट्रासोनिक मीटर टीटीसी औद्योगिक वसाहतीतल्या बऱ्याच फॅब्रिकेटरकडे असतं किंवा ते मागवून देतात. ३ मिलिमीटरचा पत्रा तळाला बऱ्याच ठिकाणी दोनच्या खाली दाखवत असेल तर मी पॅच मारत नाही. वेल्डिंगची उष्णता शेजारच्या पातळ जागी नवीन भोक पाडते. शिवणीवर एखादीच चीर असेल आणि बाकी तळ जाड असेल, तर पॅच योग्य. तो जुन्या पत्र्यावर चिकटवून नाही, कुजका भाग गोलाकार कापून त्या जागी नवा तुकडा. वर चिकटवलेल्या पट्टीच्या खाली परत पाणी बसतं.

आणि सुट्या टाकीचं वेल्डिंगसुद्धा कोणाकडूनही नाही. तुर्भे, रबाळे, पावणे, महापे, ठाण्याचं वागळे इस्टेट, सगळीकडे फॅब्रिकेटर आहेत. कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या आसपास ट्रकच्या टाक्यांची कामं करणारेही भेटतात. त्यातला असा शोधा जो डिझेलची टाकी आहे म्हटल्यावर आपणहून वाफेचं विचारतो. गरम पाणी आणि कॉस्टिकने धुणं, मग बराच वेळ वाफ, मग गॅस डिटेक्टरने आत वाफ शून्य आहे हे मोजणं, मग वेल्डिंग चालू असताना आत नायट्रोजन सोडत राहणं किंवा वेल्डिंगच्या जागेच्या जरा खालपर्यंत पाणी, आणि सगळी तोंडं उघडी. गाडीच्या सायलेन्सरचा धूर सोडतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. सीओटूचा अग्निशामक आत मारून "गॅस भरला" म्हणणाऱ्याकडे तर नाहीच. त्या फवाऱ्याने स्थिर वीज तयार होते आणि तीच ठिणगी होऊ शकते.

नव्या टाकीसाठी पत्रा निवडताना पहिली गोष्ट: जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, नको. बाजारात तो पटकन मिळतो, गंजत नाही म्हणून दुकानदार पुढे करतो. पण जस्त डिझेलशी लागून साबणासारखा गाळ तयार करतं, तो फिल्टर आणि इंजेक्टर चोंदवतो. आतून झिंक प्रायमरही नको त्याच कारणाने. साधा एमएस (साधं लोखंड), ३ मिलिमीटर, आतून काही न लावता, बाहेरून एपॉक्सीचे थर, हे स्वस्त आणि प्रामाणिक काम आहे. अॅल्युमिनियम हवं असेल तर ५०८३ किंवा ५०५२ ग्रेड, आर्गन वेल्डिंग, आणि त्याला पितळी कॉक थेट जोडायचा नाही, मध्ये स्टेनलेसची फिटिंग. स्टेनलेसवर लोकांचा आंधळा विश्वास असतो. ३०४ चा पत्रा खाऱ्या ओलाव्यात, पट्टीखाली जिथे हवा लागत नाही, तिथे टोचल्यासारखा खड्डे पडून आरपार जातो. घ्यायचंच तर ३१६ एल, आणि तेही ओल्या गादीवर बसवलंत तर पैसे वाया.

बनवणाऱ्याला सांगायच्या गोष्टी: दोन बॅफल, त्यांचे वरचे-खालचे कोपरे कापलेले, म्हणजे हवा आणि डिझेल दोन्ही फिरतं. प्रत्येक कप्प्यावर हात जाईल असं झाकण, नाहीतर पुढे आत साफ करणार कसं? सप्लायचा पाइप तळापासून इंचभर वर. तळाला एका बाजूला किंचित उतार, आणि त्या टोकाला पाणी काढायचा ड्रेन, त्याला कॉक आणि कॉकवर बूच दोन्ही. वेल्डिंग तपासायला जुनी युक्ती सगळ्यात चांगली: बाहेरून शिवणीवर खडूची पूड पाण्यात कालवून फासा, वाळू द्या, आतून शिवणीला रॉकेल किंवा डिझेल लावा. केसाएवढं छिद्र असलं तरी पांढऱ्यावर काळसर ठिपका उमटतो. त्यानंतर दाबाची चाचणी, हवेने नाही, पाण्याने: टाकी काठोकाठ भरायची आणि वरच्या तोंडाला सात फुटी उभा पारदर्शक पाइप जोडून तोही भरायचा. सात फूट पाणी म्हणजे ३ पीएसआय, बोटींच्या टाक्यांसाठी तेवढाच दाब मानतात. पाइपातली पातळी अर्धा तास हलली नाही की टाकी घ्या, आणि त्याच दिवशी आतून पूर्ण वाळवून घ्या.

बसवायचं मात्र फॅब्रिकेटरवर सोडू नका, ते तुमचं काम. बुडावर फायबरचे दोन आडवे पाट असे उभे करा की बुडात नेहमी साठणाऱ्या पाण्याच्या वर टाकीचा तळ राहील. पाटांवर एचडीपीई (कडक प्लास्टिक) किंवा निओप्रीन रबराच्या पट्ट्या, पाणी न शोषणाऱ्या. त्या पट्ट्या टाकीच्या तळाला पॉलिसल्फाइड सीलंटने पूर्ण चिकटवा, काठ भरून, म्हणजे पट्टी आणि पत्रा यांच्या मधे पाणी शिरणार नाही. कोरडी ठेवलेली पट्टी म्हणजे परत तेच जाळं. टाकीभोवती सगळीकडून करंगळी जाईल एवढी फट ठेवा. वरून स्ट्रॅप, स्ट्रॅपखालीही तीच चिकटवलेली पट्टी. भरलेली टाकी सव्वादोनशे किलोच्या वर जाते आणि भाऊच्या धक्क्याकडच्या लाटेवर ती नुसत्या वजनाने जागेवर थांबत नाही.

पाइप नवे घ्या, डिझेलसाठीचे, बोटीच्या कामाचे. त्यावर आयएसओ ७८४० लिहिलेलं असेल तर आगीतही थोडा वेळ टिकतात. बागेचा पाइप किंवा ब्रीदरला पारदर्शक नळी नको. भरायच्या पाइपाला प्रत्येक टोकाला दोन क्लिपा, स्टेनलेसच्या. डेकवरच्या भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत अर्थिंगची वायर जोडा. बोट प्रवासी परवान्यावर असेल तर टाकी बदलण्याआधी मेरीटाईम बोर्डाच्या सर्व्हेयरला कळवा, नंतर कळवलं तर झाकण परत उघडावं लागेल.

पेट्रोलवाल्यांसाठी, कारण आउटबोर्ड लावलेल्या काही बोटींतही टाकी डेकखाली असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बुडात बसते आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी पेटते. पेट्रोलचा वास बुडात आला की बॅटरीचा मेन स्विच चालू-बंद करू नका, पंप लावू नका, मोबाइल खिशात ठेवून खाली वाकू नका. माणसं उतरवा, झाकणं उघडा, वारा खेळू द्या, आणि काम करणारा बोलवा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, आणि जुन्या पॉलिस्टर रेझिनच्या फायबर टाक्या त्याने मऊ पडतात. तशी टाकी गळायला लागली तर तिची दुरुस्ती शोधू नका, ती काढा.

सगळं बसल्यावर टाकी एकदम भरू नका. ४० लिटर घाला, रात्र जाऊ द्या, खाली तेच वर्तमानपत्र. मग अर्धी. मग पूर्ण भरून एक फेरी मारा, हेलकाव्यात सगळे जोड बघा. इंजिनाची हवा काढायला लागेल, ते तुम्हाला सांगायला नको. फ्लोट स्विच या सगळ्यानंतरच परत चालू करा.

आणि जुनी टाकी भंगारात द्याल तेव्हा ती गॅस कटरनेच कापली जाणार आहे. झाकणं, कॉक, गेजचं युनिट काढून सगळी तोंडं उघडी ठेवा, धुऊन द्या, आणि वर मोठ्या अक्षरात रंगाने "डिझेल" लिहा. भंगारवाल्याच्या पोऱ्याला तोंडीही सांगा.